वेल्लोरच्या डॉक्टरीणबाई : डॉ. आयडा स्कडर

आपल्या आळीतील एखाद्या मुलीला डॉक्टरीच्या अभ्यासाला प्रवेश मिळाला, की पेढा हातात घेता घेता शेजारणी पहिला प्रश्न विचारतात तो एकच. कॉलेजला मान्यता आहे ना? मुलीची आईही हाच प्रश्न मनात घेऊन चार ठिकाणी चौकशी करून आलेली असते. मान्यता हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, पण ती कोण देते, कशासाठी देते, आणि ती मिळविताना कोणाकोणास काय काय सोसावे लागले, याचा विचार आपण फारसा करीत नाही.

यंदाच्या स्मरणिकेसाठी एका कर्तबगार स्त्रीचे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा मला वेल्लोरच्या डॉ. आयडा स्कडर यांची आठवण झाली ती यामुळेच. इस्पितळ काढणाऱ्या, गोरगरिबांची सेवा करणाऱ्या मिशनरी बाई म्हणून त्यांचे नाव पुष्कळ भगिनींनी ऐकले असेल. परंतु सारा जन्म वेचून उभी केलेली आपली शाळा नव्या नियमांत बसत नाही असे कळल्यावर, वयाच्या सत्तरीत पुन्हा झोळी घेऊन बाहेर पडणारी आणि त्या शाळेला नियमांच्या कसोटीस उतरविणारी बाई म्हणून त्यांची ओळख कमी आहे. आज सांगावयाचे आहे ते मुख्यतः त्याविषयी.

आयडाबाईंचा जन्म ९ डिसेंबर १८७० रोजी मद्रास इलाख्यातील रानीपेट या गावी झाला. स्कडर हे अमेरिकन घराणे. आजोबा डॉ. जॉन स्कडर १८१९ मध्ये बोटीने सिलोनला आले व पुढे मद्रासकडे आले. त्यांची बहुतेक मुले व पुष्कळशी नातवंडे याच देशात मिशनच्या कामाला लागली. आयडाचे वडीलही डॉक्टर. पाच भावांच्या पाठीवरची ही एकुलती एक बहीण. तिच्या लहानपणीच दक्षिणेत १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ पडला. उपाशी मुलांच्या तोंडात भाकरीचे तुकडे घालण्याचे काम या सहासात वर्षांच्या पोरीच्या वाट्याला आले. पुढे ती अमेरिकेत शाळेत गेली, आईवडील हिंदुस्थानात परतले, आणि ती तिकडेच वाढली. हुशार, देखणी, खोडकर अशी ही मुलगी मनाशी एक पक्के ठरवून बसली होती की, घराण्याचा हा वारसा आपण काही चालवावयाचा नाही. उकाडा, दुष्काळ आणि दारिद्र्य यांच्या देशात पुन्हा जावयाचे नाही.

१८९० मध्ये आई आजारी पडली, म्हणून तिला तिंडिवनम येथे यावे लागले. थोडे दिवस राहून आईला बरे वाटताच परत जाऊ, असा तिचा बेत होता. एके रात्री ती दिव्याजवळ बसली असता दारावर थाप पडली. एक तरुण ब्राह्मण गृहस्थ दारात उभा होता. त्याची कोवळ्या वयाची बायको अडलेली होती. सुईणीने हात टेकले होते. आयडाने सांगितले की मला यातले काही कळत नाही, माझे वडील डॉक्टर आहेत, त्यांना घेऊन जा. तो गृहस्थ मागे सरला. परपुरुषाने बायकोला हात लावण्यापेक्षा ती गेलेली बरी, असे त्या काळचे सोवळे होते. तो निघून गेला. थोड्या वेळाने दुसरी थाप पडली. या वेळी एक मुसलमान गृहस्थ होता. मागणे तेच, आणि पुरुष डॉक्टर नको हे उत्तरही तेच. त्यानंतर तिसरी थाप. हाही एक प्रतिष्ठित हिंदू गृहस्थ, आणि त्याचीही बायको अडलेली. रात्रभर आयडाला झोप लागली नाही. सकाळी रस्त्यावरून प्रेतयात्रेचे वाद्य ऐकू आले. चौकशी केली तेव्हा समजले की, त्या तिन्ही बायका रात्रीतच गेल्या.

ही हकीकत आयडाबाई पुढे जन्मभर सांगत. तीन निरनिराळी घरे, निरनिराळ्या रीती, आणि मरण मात्र एकाच कारणाने, गावात शिकलेली डॉक्टरीण नव्हती म्हणून! त्या सकाळी आयडाने आईवडिलांना सांगितले की, मी अमेरिकेस जाऊन डॉक्टर होणार आणि परत येणार.

१८९५ मध्ये तिने फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. आपल्या वाचक भगिनींना हे नाव अनोळखी वाटू नये. आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी याच विद्यालयातून १८८६ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या. आनंदीबाई मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास क्षयाने निवर्तल्या. त्यांना प्रत्यक्ष काम करावयास काळाने सवडच दिली नाही. त्याच विद्यालयाच्या पायऱ्या काही वर्षांनी आयडा चढली, हा योगायोग मनाला चटका लावून जातो. शेवटच्या वर्षासाठी ती न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठात गेली. तेथील वैद्यकीय महाविद्यालय १८९८ मध्ये निघाले आणि त्यात पुरुषांबरोबर स्त्रियांनाही प्रवेश होता. १८९९ मध्ये तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत आयडाचे नाव आहे.

निघण्यापूर्वी वेल्लोरला बायकांचे इस्पितळ काढण्यासाठी काही हजार डॉलर जमविण्याचे काम तिच्याकडे आले. वर्गणी मागावयास जाणे किती जिवावर येते, हे आपल्या मंडळाच्या कार्यकर्त्या भगिनींना वेगळे सांगावयास नको. दारोदार फिरून फारसे काही हाती लागेना. अशीच एका बाईंकडे ती गेली असता, तिचे बोलणे शेजारच्या खोलीत बसलेल्या त्यांच्या मेहुण्यांच्या, शेल नावाच्या वृद्ध सावकाराच्या, कानी पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बोलावून आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ १०,००० डॉलर दिले.

१९०० च्या जानेवारीत आयडाबाई हिंदुस्थानात दाखल झाल्या. वडिलांच्या हाताखाली काही वर्षे काढून अनुभव घ्यावा असे त्यांच्या मनात होते, परंतु त्याच वर्षी वडील वारले. एकटीने सुरुवात करावी लागली. राहत्या बंगल्याच्या एका खोलीत दवाखाना मांडला. प्रारंभी रोगी येईनात. पोरगेलीशी गोरी डॉक्टरीण, हिला काय कळते, असे लोक म्हणत. हळूहळू विश्वास बसला, आणि पहिल्या दोन वर्षांत सुमारे ५,००० रोग्यांना त्यांनी तपासले. १९०२ मध्ये शेल यांच्या देणगीतून ४० खाटांचे इस्पितळ उभे राहिले. आठवड्यातून एकदा त्या गुडियाट्टमच्या रस्त्याने औषधाच्या पेट्या घेऊन निघत, तेव्हा वाटेवर ठरलेल्या झाडाखाली रोगी वाट पाहत बसलेले असत. डोळे आलेली मुले, जखमा चिघळलेले शेतकरी, महारोगी, सारेच तेथे येत. रस्त्यावरचा हा दवाखाना ही वेल्लोरची एक खूणच होऊन बसली.

पण आयडाबाई मनाशी हिशेब करीत होत्या. आपण एक, फार तर दोन. रोज किती अडलेल्या बाया सोडविणार? ज्या गावी आपण पोचत नाही तेथे आजही तीच रात्र येत असेल. यावर उपाय एकच. याच देशातल्या मुलींना शिकवून तयार करावयाचे. १९०९ मध्ये त्यांनी परिचारिकांचे वर्ग सुरू केले, आणि त्यानंतर स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढण्याचा ध्यास घेतला. मुलींची अशी शाळा डॉ. एडिथ ब्राऊन यांनी १८९४ मध्ये लुधियाना येथे काढलेली होती, पण दक्षिणेतल्या मुलींना लुधियाना म्हणजे दुसरा मुलूखच.

त्या काळी आपल्याकडे डॉक्टर होण्याचे दोन मार्ग होते. एक विद्यापीठाच्या पदवीचा, लांब व खर्चाचा. दुसरा मेडिकल स्कूलचा, चार वर्षांचा, मॅट्रिक झालेल्यांना खुला असलेला. दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्यास पदवी न मिळता परवान्याची पदविका मिळे. मद्रासकडे तिला एल. एम. पी. म्हणत. आपल्या मुंबई इलाख्यात एल. सी. पी. एस. झालेले डॉक्टर असत, ते याच जातीचे. जुन्या पिढीतील पुष्कळांचे कुटुंबाचे डॉक्टर असेच असत.

आयडाबाईंनी हा दुसरा मार्ग धरला. मद्रासच्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख कर्नल ब्रायसन यांच्याकडे त्या परवानगी मागावयास गेल्या, तेव्हा त्यांना मोठी शंका वाटली. मुली मिळणार कोठून? सहा अर्ज आले तरी शाळा सुरू करा, असे त्यांनी सांगितले, असे म्हणतात. अर्ज आले १५१! १२ ऑगस्ट १९१८ रोजी गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या हस्ते शाळेचे उद्घाटन झाले. त्या वेळी शाळेपाशी होते काय? भाड्याच्या इमारती, एक सांगाडा, एक सूक्ष्मदर्शक यंत्र आणि बोटांवर मोजण्याजोगी पुस्तके. शिकविणाऱ्या मुख्यतः आयडाबाईच.

परीक्षा मात्र त्यांच्या हातात नव्हती. ती सरकारची, साऱ्या इलाख्याची एक, आणि परीक्षक बाहेरचे. मुलांच्या शाळांतूनही फार थोडे उत्तीर्ण होतात, तेव्हा तुमच्या मुली नापास झाल्या तरी मनाला लावून घेऊ नका, असे कर्नलसाहेबांनी आधीच बजावले होते. निकाल लागला तेव्हा मुलांच्या शाळांतील पाचांपैकी चार नापास झाले होते आणि वेल्लोरच्या मुली साऱ्या उत्तीर्ण! चार वर्षांनी, १९२२ मध्ये, पहिल्या तुकडीतील १४ मुली डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

ही गोष्ट सांगताना बहुतेक लोक येथे टाळ्या वाजवून थांबतात. मला मात्र एक निराळी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या निकालाला किंमत आली ती परीक्षा परक्याने घेतली म्हणून. आयडाबाईंनीच प्रश्न काढून, आयडाबाईंनीच गुण दिले असते, तर गावोगावच्या बायकांनी त्या मुलींच्या हाती आपला जीव कशाच्या भरवशावर द्यावा? मान्यतेचे मूळ येथे आहे.

शाळा वाढत गेली. अमेरिकेतील स्त्रियांनी आशियातील सात स्त्री-महाविद्यालयांसाठी एक मोठा निधी उभा केला. त्यांनी २० लाख डॉलर जमवावेत, म्हणजे रॉकफेलर निधीतून १० लाख मिळतील, अशी अट होती, आणि १९२३ मध्ये ती अट पुरी झाली. या मोहिमेच्या सूत्रधार श्रीमती लूसी पीबॉडी. त्या स्वतः तरुणपणी मद्रासकडे राहून गेलेल्या, आणि स्त्रियांच्या संस्था स्त्रियांच्याच हाती राहाव्यात या मताच्या कट्टर. सात संस्थांत वेल्लोर होते. शहरात मोठे इस्पितळ झाले, आणि १९३२ मध्ये शाळा गावाबाहेर टेकड्यांच्या पायथ्याशी नव्या जागेत गेली. आयडाबाई आता साठीच्या पुढे होत्या. आता सुखाने निवृत्त व्हावे असेच कोणीही म्हटले असते.

पण याच सुमारास जगात वैद्यकीय शिक्षणाकडे पाहण्याची दृष्टी पालटली होती. अमेरिकेत अब्राहम फ्लेक्सनर या शिक्षणतज्ज्ञाने अमेरिका व कॅनडा येथील १५५ वैद्यकीय विद्यालये पाहून १९१० मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. कित्येक ठिकाणी प्रयोगशाळा नावापुरती, इस्पितळाशी संबंध नाही, फी भरली की प्रवेश, असा प्रकार त्याला आढळला. त्यानंतर तेथील पुष्कळ विद्यालये बंद पडली अथवा दुसऱ्यांत विलीन झाली. रोग्यांच्या दृष्टीने ते चांगलेच झाले. पण त्या लाटेत गरिबांची, निग्रोंची आणि स्त्रियांची विद्यालयेही वाहून गेली. केवळ स्त्रियांसाठी असलेले जे एक विद्यालय टिकले, ते आनंदीबाईंचे फिलाडेल्फियाचे.

आपल्या देशात हा प्रश्न आला तोही बायकांच्या बाळंतपणावरूनच, हे ऐकून नवल वाटेल. येथील विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांना इंग्लंडची वैद्यकीय परिषद मान्यता देत असे. येथील विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष बाळंतपणे करण्याचा पुरेसा सराव मिळत नाही, अशी तिची तक्रार होती. १९२० नंतर तिने तपासनीस पाठविले, वाद वाढला, आणि १९३० मध्ये तिने ही मान्यता काढून घेतली. परक्या राज्यकर्त्यांच्या परिषदेने आपल्या कॉलेजांची झडती घ्यावी, हे देशातील पुढाऱ्यांना रुचले नाही, आणि ते साहजिकच होते. पण तक्रार खोटी होती असेही म्हणता येत नव्हते. यातून वाट निघाली ती १९३३ च्या कायद्याची. त्यान्वये इंडियन मेडिकल कौन्सिल स्थापन झाले, आणि पदव्यांचा दर्जा ठरविण्याचे व कॉलेजे तपासण्याचे काम देशातल्या देशात होऊ लागले. या कायद्याने विद्यापीठाच्या पदव्याच हिशेबात धरल्या. पदविकाधारक त्याच्या बाहेर राहिले.

१९३७ मध्ये मद्रास प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. त्याने ठरविले की, यापुढे डॉक्टर एकाच दर्जाचे असावेत. शहरातल्या श्रीमंताला पदवीधर आणि खेड्यातल्या गरिबाला पदविकावाला, हा भेद नको. पदविकेचे वर्ग बंद व्हावेत, आणि ज्यांना शिकवावयाचे असेल त्यांनी विद्यापीठाशी संलग्न होऊन एम. बी. बी. एस.च्या पदवीसाठी शिकवावे.

वेल्लोरवर जणू आभाळच कोसळले. पदवीचे कॉलेज व्हावयाचे म्हणजे प्रत्येक विषयाला उच्च पदवी घेतलेला प्राध्यापक हवा. शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र, जंतुशास्त्र यांच्या वेगवेगळ्या प्रयोगशाळा हव्यात. इस्पितळातल्या खाटा कितीतरी वाढवावयास हव्यात, कारण खाटेवरचा रोगी हाच विद्यार्थ्याचा खरा ग्रंथ. आणि यासाठी लागणारा पैसा लाखांच्या हिशेबात. तो नसेल तर शाळेला कुलूप.

येथे दोन्ही बाजू समजून घेतल्या पाहिजेत. वेल्लोरच्या पदविकाधारक मुलींनी खेड्यापाड्यांतून जे काम केले ते कोणी नाकारीत नव्हते. अभ्यासक्रम लांबला, इंटरची अट आली, खर्च वाढला, तर गरीब घरची मुलगी डॉक्टर कशी होणार, आणि झालीच तर खेड्यात का जाणार, हा सवाल रास्त होता. सेवा करणाऱ्या संस्थेला सरकारने थोडी सवलत द्यावी, असे आयडाबाईंच्या जवळच्या माणसांना वाटले असल्यास दोष देता येणार नाही. पण दुसरी बाजूही तितकीच खरी होती. वैद्यकविद्या वीस वर्षांत फार पुढे गेली होती. सल्फाची औषधे आली होती, क्ष-किरण आले होते, रक्त देण्याची सोय झाली होती. १९१८ साली चांगले असलेले शिक्षण १९३८ साली अपुरे ठरत होते. खेड्यातल्या बाईला कमी शिकलेली डॉक्टरीण का म्हणून चालवून घ्यावयाची? त्या तीन रात्रीच्या थापांचे उत्तर अर्धवट देऊन भागणार होते काय?

आयडाबाईंनी सवलतीचा नाद सोडला आणि कॉलेज पदवीचे करावयाचे असे ठरविले. हा निर्णय सोपा नव्हता. १९४१ मध्ये, जग युद्धात होरपळत असता, सत्तरी उलटलेल्या आयडाबाई अमेरिकेस गेल्या. गावोगाव हिंडून, चर्चमधून, स्त्रियांच्या मंडळांतून त्या भाषणे देत व पैसे मागत. चाळीस वर्षांपूर्वी ४० खाटांसाठी जे केले तेच पुन्हा, पण आता पाय थकलेले.

आणि पैशापेक्षाही कठीण अशी एक गोष्ट समोर आली. निरनिराळ्या मिशन संस्थांना पदवीच्या दर्जाचे एक मोठे वैद्यकीय महाविद्यालय हवे होते. सर्वांनी मिळून एकच चांगले काढावे, ते वेल्लोरला व्हावे, परंतु त्यात मुलांनाही प्रवेश असावा, अशी योजना होती. पुरुषांच्या मंडळ्यांचा पैसा व प्राध्यापक यायचे तर याच अटीवर. वेल्लोर तर स्त्रियांनी, स्त्रियांच्या पैशाने, स्त्रियांसाठी उभारलेले. लूसी पीबॉडी यांनी कडाडून विरोध केला. मुलगे आले की जागा, पैसा, अधिकार सारे त्यांच्याकडे जाईल आणि मुली मागे पडतील, अशी त्यांची भीती होती. ती निराधार होती असे आपणही छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. आयडाबाईंची ही जुनी मैत्रीण, ज्यांनी त्यांच्या संस्थेसाठी रक्ताचे पाणी केले, त्या अखेर दुरावल्या. आयडाबाई पुष्कळ दिवस द्विधा मनःस्थितीत होत्या. शेवटी त्यांनी मनाशी प्रश्न ठेवला तो रोग्यांचा. दर्जा राखता न आल्याने बंद पडलेले बायकांचे विद्यालय बायकांच्या काय उपयोगाचे? त्यांनी एकत्रित महाविद्यालयाला संमती दिली. पीबॉडीबाई १९४९ मध्ये वारल्या. दर्जाची किंमत कधी कधी अशी आपल्या माणसांनी मोजावी लागते.

इकडे वेल्लोरला काम चालूच होते. १९४२ मध्ये मद्रास विद्यापीठाने एम. बी. बी. एस.साठी तात्पुरती संलग्नता दिली आणि पदवीसाठी मुलींची पहिली तुकडी घेण्यात आली. तात्पुरती म्हणजे काय, तर उणिवा भरून काढीत राहा, आम्ही पुन्हा पाहावयास येऊ. तपासनीस येत, काय कमी आहे ते लिहीत. कोठे प्राध्यापक नाही, कोठे खाटा अपुऱ्या, कोठे यंत्रसामग्री नाही. आयडाबाईंची पुतणी, तिचेही नाव आयडा, क्ष-किरणांचे शास्त्र शिकून तो विभाग सांभाळू लागली. शिक्षकच पुन्हा विद्यार्थी होऊन उच्च परीक्षांना बसले. १९४७ मध्ये मुलग्यांना प्रवेश सुरू झाला. १९५० मध्ये विद्यापीठाने कायमची संलग्नता दिली. १९३७ चा धक्का धरला तर या एका शब्दासाठी १३ वर्षे लागली होती.

त्या १३ वर्षांनी संस्थेचे रूप पालटून टाकले. जे प्राध्यापक नियमाच्या पूर्ततेसाठी म्हणून आणले, त्यांनी नवी दालने उघडली. डॉ. पॉल ब्रँड यांनी महारोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करून ते हात कामाचे करून दाखविले. मेंदू व मज्जातंतूंच्या रोगांसाठी डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये काढलेला विभाग हा देशात त्या प्रकारचा पहिला. १९४६ मध्ये परिचारिकांच्या शिक्षणालाही पदवीचा दर्जा मिळाला. आणि संस्थेची पहिली भारतीय प्रमुख झाली ती एक स्त्रीच, डॉ. हिल्डा लॅझरस. पीबॉडीबाईंच्या भीतीला हे एक उत्तर म्हणावयास हरकत नाही.

वेल्लोरवर आलेली पाळी लवकरच साऱ्या देशावर आली. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. देशात तेव्हा सुमारे ४७,००० डॉक्टर होते व त्यांपैकी सुमारे ३०,००० पदविकावाले. तरीही समितीने बहुमताने सांगितले की, यापुढे डॉक्टर एकाच दर्जाचा असावा. समितीत सर्वांचे एकमत नव्हते. डॉक्टरांचा तुटवडा असता पदविका बंद करणे काहींना पटले नाही. आपल्या पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलचे कॉलेज झाले तेही त्याच १९४६ मध्ये. लुधियानाच्या शाळेला पदवीचा अभ्यासक्रम १९५३ मध्ये मिळाला. पदविकेचे डॉक्टर हळूहळू काळाआड गेले. खेड्यात डॉक्टर का जात नाही, हा तेव्हाचा प्रश्न मात्र काळाआड गेला नाही. दर्जा वाढविणे हे अर्धे काम आहे, तो दर्जा खेड्याच्या वेशीपर्यंत पोचविणे हे उरलेले अर्धे. वेल्लोरने रस्त्यावरचे दवाखाने सोडले नाहीत, विद्यार्थ्यांना खेड्यात नेऊन शिकविण्याची रीत ठेवली, ती हे ओळखूनच.

मान्यता देणाऱ्यांवरही नजर ठेवावी लागते, हेही आपण पाहिले आहे. १९३४ मध्ये कामाला लागलेल्या मेडिकल कौन्सिलवर पुढे गैरव्यवहाराचे गंभीर आरोप झाले आणि २०१० मध्ये सरकारने ते बरखास्त करून कारभार दुसऱ्या मंडळाकडे दिला. २५ सप्टेंबर २०२० पासून त्याच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. २०२३ मध्ये या आयोगाला वैद्यकीय शिक्षणाच्या जागतिक संघटनेने दहा वर्षांसाठी मान्यता दिली, म्हणजे तपासनिसांचीही तपासणी झाली. ती दहा वर्षांची, जन्माची नव्हे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आज चांगले असलेले उद्या चांगले राहीलच असे नाही, म्हणून पुन्हा पुन्हा पाहावयाचे.

आयडाबाई १९४६ मध्ये निवृत्त झाल्या व कोडाईकनालच्या डोंगरावर आपल्या घरी राहू लागल्या. बागेचा त्यांना फार नाद. टेनिसही त्या उतारवयापर्यंत खेळत. वेल्लोरला त्यांची वारंवार फेरी असे, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुली, ज्या आता स्वतः आज्या झाल्या होत्या, त्यांना भेटावयास येत. मे १९६० मध्ये, वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्या कोडाईकनाल येथे निवर्तल्या. त्यांनी लग्न केले नाही. ज्या देशात पुन्हा पाऊल ठेवावयाचे नाही असे ठरविले होते, त्याच देशात त्यांची हयात गेली. १२ ऑगस्ट २००० रोजी, शाळेच्या वाढदिवशी, भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

भगिनींनो, आपले मंडळ लहान. आपण चालवितो ते वर्ग, ती बालवाडी, ते शिवणकाम, यांची वेल्लोरशी बरोबरी करणे हास्यास्पद होईल. पण दरवर्षी हिशेब तपासनीस आले की आपल्या कपाळाला आठी पडते, हे आपण खाजगीत तरी कबूल करू. एवढ्या मनापासून काम करतो, आणि वर ही विचारपूस कशाला, असे वाटते. अशा वेळी आयडाबाईंना आठवावे. त्यांच्याइतके मनापासून काम कोणी केले असेल? तरीही मनापासून केलेले काम पुरेसे चांगले आहे की नाही, हे परक्याला विचारण्याची त्यांना लाज वाटली नाही, आणि नाही असे उत्तर आले तेव्हा त्यांनी राग न धरता सत्तरीत पदर खोचला.

पुढच्या वेळी शेजारच्या मुलीचे पेढे खाताना आपण मान्यतेचा प्रश्न जरूर विचारू. तेथील इस्पितळात खाटेवर रोगी आहेत ना, शिकविणारे खरोखर वर्गावर येतात ना, मुलींच्या हातून बाळंतपणे होतात ना, हेही त्यासोबत विचारू. कारण पुढेमागे कोणाच्या तरी दारावर रात्री थाप पडणार आहे, आणि ती मुलगी तेव्हा दार उघडणार आहे.